शालूचं दडवलेलं पत्र

शालू गेल्याचं मला बाबांनी सांगितलं. अकरावीपासूनची मैत्रीण माझी. पण तिच्या सहकाऱ्यानं पुण्याहून फोन केला तो बाबांना. प्रयोगशाळेतच कोसळली, हृदय बंद पडलं... महिना झाला. त्या क्षणी मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की फोन बाबांनाच का?

आर्णीजवळच्या खेड्यातली, कापूस पिकवणाऱ्या घरची ही मुलगी अकरावीला दारव्ह्यात आमच्याकडे राहायला आली. बाबा कृषी खात्यात. संध्याकाळी दोघींना शिकवत, पण त्यांचा चेहरा उजळायचा तो तिच्या प्रश्नांनी. पुढे मी इथंच शिक्षिका झाले. ती रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करू लागली.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाबा बांधाबांधावर फिरून थकले, असंच आम्हाला वाटलं. मग ताप, घाम, वाढलेली प्लीहा... अस्थिमज्जेत सावकाश पसरणारा रक्ताचा कर्करोग निघाला. जीपनं यवतमाळ, तिथून नागपूर, मीच नेत होते. आजार समजावला मात्र शालूनं. दिवाळीत आली, खाटेवर बसून म्हणाली, "काका, पेशी एकमेकींना रेणूंतून निरोप धाडतात. सायटोकाइन म्हणतात त्याले. धोका आला की, 'उठा, लढा'. तुमच्यात धोका नसताना निरोप चालूच हायेत. ताप, घाम त्याचाच. अन् बिघडलेल्या पेशी त्यावरच पोसून राह्यल्या."

"म्हंजे अळी नाही अन् फवारा चालूच!"

ती खळखळून हसली. बाबाही हसले, कित्येक महिन्यांनी. मी दारात उभी होते.

पुढं बाबांच्या नावानं तिचं पत्र आलं. ते निरोप पेशीत पोहोचू न देणाऱ्या नव्या औषधाची चाचणी पुण्यात सुरू होत होती, लगेच या. मी ते वाचलं आणि साड्यांच्या घडीत ठेवलं. दोन महिने. तिचा फोन आला की, "बाबा झोपलेत," मी म्हणायचे. शेवटी तीच आली, बाबांना औषधाचं सांगितलं.

"शालू, एवढं औषध निघालं, मले कळवलं काहून नाही?" बाबांनी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "राहून गेलं, काका. चुकलं माझं."

तिनंच त्यांना पुण्याला नेलं. प्लीहेची सूज उतरली, बाबा जेवू लागले. त्या पत्राबद्दल ती मला कधीच काही बोलली नाही... मला तिच्या त्या मोठेपणाचाही हेवा वाटला.

गेल्या आठवड्यात मी बाबांना सगळं सांगितलं. "तिच्यावर रागावलो होतो मी तवा," एवढंच म्हणाले.

सकाळची गोळी घेतली की हल्ली ते रिकाम्या खोलीत म्हणतात, "शालू, आज ताप नाही वं." मी स्वयंपाकघरातून ऐकते... आणि माझं नाव कधी घेतील, याची वाट पाहते.