उंटाऐवजी घोडा

हिवाळ्यातल्या त्या दुपारची शांतता किती मऊ होती! लोहारा गावच्या सभागृहात बुद्धिबळाची स्पर्धा चाललेली; माणसं समोरासमोर बसलेली, तरी ऐकू येत होता तो पटावर टेकणाऱ्या सोंगट्यांचा हलका नाद तेवढा. खिडकीतून कलती उन्हं आत उतरत होती आणि त्यांत कापसाचे चुकार तंतू स्वप्नातल्यासारखे तरंगत होते.

माझ्यासमोर होते मारेगावचे सलीमभाई. शिवणकामात उभी हयात गेलेली. पण लकव्याच्या झटक्यानंतर उजवा हात थरथरू लागला आणि कात्री मुलीकडे, नसीमकडे गेली. आजारानंतरची ही त्यांची पहिलीच स्पर्धा. आम्हा दोघांचा खेळ क्लबातला, बेताचाच; पण त्या दिवशी त्यांचा डाव असा उमलत गेला, की प्रतिस्पर्धी असूनही मी मोहून पाहत राहिले. आता त्यांचा उंट एकदा तिरपा धावला, की माझा राजा संपलाच. हे मला दिसत होतं, त्यांनाही.

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरली, भरकटली आणि उंटाऐवजी शेजारचा घोडा मुठीत आला.

हात लागला ती सोंगटी चालायची, हा नियम. पण पंच जवळ येऊन हळूच म्हणाले, "चुकून लागला असंल तं चालते."

"उंटच चाला, सलीमभाई," मीही म्हटलं.

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"नाही ताई. हात माहा हाय, तं चालही माहीच."

घोडा खाली टेकला आणि त्यामागचा वजीर माझ्या हत्तीसमोर उघडा पडला. काय करावं मी? सोडून द्यावा? पण ज्यानं आपला थरथरता हात इतक्या निःशंकपणे आपला म्हटला, त्याच्यावर दया करणं हा केवढा अपमान! मी वजीर घेतला. थोड्याच वेळात ते हरले. जिंकल्याचा आनंद मात्र मला कुठेच सापडेना.

मी निघाले, तोच हाक आली. "ताई, थांबा न! उंट चालून पाहू. काय झालं असतं थे मले पाहाचं हाय."

बाहेर निंबाखालच्या बाकावर आम्ही तोच डाव पुन्हा मांडला. हात कापत पुढे आला, थांबला. मीही थांबले. घाई कुणाला होती? उंट सावकाश आपल्या घरी पोचला. पुढच्या काही चालींतच मी हार मानून माझा राजा आडवा ठेवला.

नसीम चहा घेऊन आली. "अब्बा, जिंकले काय?"

ते नुसते पटाकडे पाहत हसत होते.

"जिंकले," मीच म्हटलं. "आत्ताच."