उत्तमराव आणि टाकीतला शंख

सर्व जलांत वसणाऱ्या परमात्म्याला वंदन करून, माझे स्नेही उत्तमराव आज नोकरीतून निवृत्त होऊन पेडगावी राहायला जात आहेत, त्या निमित्ताने हे लिहितो.

परभणीच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. कोणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी पाण्याची विचारपूस. "बोरचं का आडाचं?" उत्तर मिळाले की म्हणत, "हां, आता चहा सांगा."

माझी पत्नी खुब्याचे हाड मोडून अंथरुणास खिळली, तेव्हा मुलीने तिच्या उशाशी काचेची टाकी आणून ठेवली. आत पाणवनस्पती आणि सात लहान मासे. त्यांच्याकडे पाहतच तिचा दिवस सरे. पाणी पवित्र राहावे म्हणून मी देवघरातला शंख त्यात ठेवला. महिनाभरात पाने पिवळी पडली. पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता-क्षारतेचे मान, चढला असावा असे कोणी सांगितल्यावरून मी रोज लिंबू पिळू लागलो. दोन मासे मेले. पत्नीने त्या दिवशी ताट परत पाठवले.

मी उत्तमरावांना बोलावून आणले. रंग बदलणारी कागदाची पट्टी त्यांनी पाण्यात बुडवली, तक्त्याशी ताडली.

"लिंबानं सामू उतरायलाय अन् शंख पुन्हा चढवायलाय. ह्या चढउतारानं मासे मरायलेत."

"तो पूजेतला शंख आहे."

"म्हणून तर सांगायला जीभ रेटंना, गुरुजी. पण शंख म्हंजे चुनाच की. हात घालू का?"

ते बौद्ध. त्यांचा हात देवाच्या शंखाला लागणार, या विचाराने मी मुहूर्त पाहायला पंचांगाकडे वळलो. लिहितानाही मान खाली जाते. पलंगावरून पत्नीच म्हणाली, "घाला हो उत्तमराव! ह्यांचा मुहूर्त निघेपर्यंत माझे मासे राहायचे नाहीत."

त्यांनी शंख काढला, रुमालाने पुसला, दोन्ही हातांनी मला दिला.

मग लिंबू बंद. रोज टाकीतले एक तांब्याभर पाणी काढायचे आणि साठवलेले पावसाचे तेवढेच घालायचे. "एकदम अर्धी टाकी बदलू," मी म्हणालो.

"पाण्याला घाई खपत न्हाई, गुरुजी. आपण तरी दोन दिसांत बदलतो व्हय?"

पुढे विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात तणाव पसरला, बाजार बंद झाला. आमचे पावसाचे पाणी संपत आले होते, तरी मी निरोप धाडला, येऊ नका. सकाळी ते पावसाच्या पाण्याचा डबा खांद्यावर घेऊन पायी दारात उभे.

"बंद बाजाराला हाय, वैनीच्या माशांला न्हाई."

पट्टी पाहून ते खाली बसले. "ठरला सामू. जगले, वैनी!" वनस्पतीला कोवळा कोंब आला होता, पाचही मासे खाण्यासाठी वर आले. पत्नीने स्वतः होऊन जेवण मागितले आणि मला म्हणाली, "तुम्हा दोघांचीही पानं मांडा." मी उत्तमरावांना वाढले आणि शेजारी बसून जेवलो. माझ्या घरात अशी पंगत पहिलीच. इतके हलके मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

तो परमेश्वर वाचकांच्या घरचे आड भरलेले ठेवो, आजाऱ्यांना उठवो, आणि दारी आलेल्या माणसाला आत घेण्याची बुद्धी घरातल्या सर्वांना वेळेवर देवो.