मॅकरोनीवाल्या व्हर्डेलची तीन बोटं

आमच्या मेकन शहरात कुणाचं दफन झालं की चर्चच्या तळघरात जेवण असतं, आणि तिथली मॅकरोनी कुणाच्या हातची, हा प्रश्न मृत्युपत्रापेक्षा गंभीर असतो. तीस वर्षं तो मान व्हर्डेल पेटिफर्डकडे होता. दुसरी कुणी करून आणलीच, तर बाया झाकण उचलून बघत, कुणी केली ते विचारत आणि झाकण परत ठेवून देत. एकसष्ट वर्षांच्या बाईनं असल्या गोष्टीवरून फुशारकी मारावी याचं तिचं तिलाच हसू येई, पण मान सोडवत नसे.

'नाही' म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं. म्हणून चर्चमध्ये बायकांनीच चालवायच्या महिला रविवारचं भाषण गळ्यात पडलं, तेव्हाही ती हो म्हणाली. विषय होता, आधी स्वतःकडे बघा. एका हातानं चीज किसत तिनं ते लिहिलं. स्वतःकडे बघायला तिला फुरसत कुठे होती? फेब्रुवारीत स्तनांच्या तपासणीत काहीतरी दिसलं होतं आणि दवाखान्यानं परत बोलावलं होतं. पहिली तारीख चुलतभावाच्या दफनात गेली. दुसऱ्या तारखेला ती नातीच्या बारीक वेण्या घालत आठ तास बसली होती. तिसरी तिनं या भाषणाच्या तयारीसाठी पुढे ढकलली, आणि हे मात्र लाजेनं कुणाला सांगितलं नाही.

रविवारी सगळ्या बाया पांढऱ्या कपड्यांत आल्या. व्हर्डेलची हॅट एवढी मोठी होती, की मागच्या रांगेला पास्टर दिसेनासे झाले. आमच्या चर्चमध्ये भाषण कुणी मुकाट्यानं ऐकत नाही. "सांग बाई, सांग," अशी साथ मिळत गेली, तशी व्हर्डेल चढत गेली. डॉक्टरची तारीख कुणी कुणी पुढे ढकलली, हात वर करा, असं तिनं फर्मावलं. चाळीसेक हात वर झाले. समाधानानं ते मोजताना तिच्या लक्षात आलं, की आपलाही हात वर आहे आणि त्याची तीन बोटं उभी आहेत.

आलेल्यांना जागेवर बसवायला दाराशी पांढरे हातमोजे घालून उभी असलेली अर्नेस्टीन तिची लहानपणची मैत्रीण.

"तीन का गं?" तिनं तिथूनच विचारलं.

व्हर्डेल विनोद करायला गेली आणि खरं बोलून बसली. मग रडली. हॅट कानावर आली.

सोमवारी अर्नेस्टीननं स्वतःच फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. त्या दिवशी चर्चच्या डीकन टॉलिव्हरचं दफन आहे, मॅकरोनी कोण करणार, असं व्हर्डेलनं लगेच काढलंच.

"माझी लेक केटुरा करेल."

"ती पाकिटातलं चीज घालते."

"तू गेलीस तर तुझ्या दफनालाही तेच घालेल. मग तक्रार कुणाकडे करशील?"

व्हर्डेल निमूट गेली. दवाखान्याच्या पाठमोकळ्या झग्यात ती बायॉप्सीच्या सुईची वाट बघत बसली होती, तेवढ्यात केटुराचा निरोप आला, की लोकांनी ट्रे खरवडून खाल्ला. व्हर्डेलची आठवण कुणी काढली का, हे तिनं लिहिलं नव्हतं. सुईपेक्षा तेच जास्त टोचलं.

आठवड्यानं निकाल आला. कॅन्सर होता, पण लहान होता. डॉक्टर तिच्या भाचीच्या वयाची, आपल्यातलीच, कृष्णवर्णीय. आणखी सहा महिने गेले असते तर अवघड झालं असतं, असं तिनं हळूच सांगितलं आणि ऑपरेशनसाठी दहा जुलै ही तारीख दिली. व्हर्डेलनं सवयीनं डायरी काढली. त्या दिवशी पेटिफर्ड कुटुंबाचा मेळावा होता, ऐंशी माणसांचा. "जरा पुढची..." एवढं तोंडातून निघालंसुद्धा. शेजारी अर्नेस्टीननं तीन बोटं वर केली.

"चालेल," व्हर्डेल म्हणाली. तिला फार भीती वाटत होती.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "केटुराला सांग, दहा तारखेला ऐंशी जणांची करायचीय. चीज किसून घाल म्हणावं."

"मागच्या वेळी कुणाची तक्रार नव्हती."

"माझी आहे. पुढच्या वर्षीही असणार आहे."