सगुणामावशीचा हौद

त्या दुष्काळात आमच्या चाकूरच्या मंडळीत पाणी सोडून बाकी सगळं साठलं. किस्से तर इतके की ठेवायला जागा नाही! मंडळी म्हणजे चर्चमधली आम्ही दहा-बारा माणसं. मी शाळामास्तर, शिवाय मंडळीचा सेक्रेटरी. म्हणजे काळजी करायचं खातं माझ्याकडे. बाकीचे सगळे देवावर भरवसा ठेवून मोकळे!

*

सगुणामावशी भाजी विकायची, सत्तरीला आलेली. तिचा बाप्तिस्मा ठरला आणि ज्यात बुडवून तो द्यायचा, नेमका तो चर्चमागचा हौद आटला. मी सुचवलं, "मावशी, यंदा डोक्यावर थोडं शिंपडून भागवू."

"न्हाई सर. बुडायचं तर सगळंच. दोनदा ताप आला म्हनून राहिलं. पुढल्या साली मी असंन का नसंन."

मी टँकरसाठी अर्ज केला.

*

अर्ज परत आला! लातूर जिल्हा नवाच झालेला, आणि मी सवयीने लिहिलं होतं, 'जिल्हा उस्मानाबाद'. कपाळ बडवून घेतलं.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, शांतपणे म्हणाले, "बरं हाय सर, प्रार्थनेत जिल्हा लिहावा लागत न्हाई."

*

मग सायकलला दोन कॅन बांधून मी लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागलो. बुधवारच्या प्रार्थनेत पाळकसाहेबांनी विषय घेतला, पाखरं कुठे चिंता करतात?

"पाखरांना हौद भरायचा नसतो!" मी मोठ्यानेच बोललो. बायकोने चिमटा काढला.

*

शुक्रवारी हौदातलं पाणी गुडघ्याला लागलं. शनिवारी सकाळी पाहतो तर जेमतेम घोट्याच्या वर! मावशी घागर घेऊन उभी.

"काय करताय, मावशी?"

"शेजारी बाळंतीण हाय सर. घरात थेंब न्हाई. मग गल्लीतल्या बायाबी आल्या."

"आणि तुमचा बाप्तिस्मा?"

"देव बघंल की."

"देव बघेल, पण सायकल मला मारावी लागते!"

खरं सांगतो, त्या दिवशी मला देवाचाही राग आला होता.

*

रविवारी मावशी पांढरं लुगडं नेसून हौदात उतरली, आडवी झाली. पाळकसाहेबांनी हळूच दाबलं. कान बुडाले, नाक वरच! पुन्हा दाबलं. नाक वरच. मावशीचे डोळे भरून आले.

मी काठावर चडफडत होतो. "मी सांगत होतो, पाणी जपा म्हणून..."

"सर, पुरे. उतरा," पाळकसाहेब म्हणाले. "सगळेच उतरा, आन् खाली बसा!"

माझी एकुलती एक इस्त्रीची पँट! पण बायको पदर खोचून आधीच आत. मग एकेक करत सगळी मंडळी दाटीवाटीने हौदात बसली. माणूस बसेल तसं पाणी चढत गेलं. शेवटी मी बसलो, आणि मावशीचं नाक बुडालं!

मावशी वर आली. तोंडावरचं पाणी निपटलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "सर, तुमी पयल्याच दिवशी आत येऊन बसायचं की! उगं सायकल मारत बसलात."