बुटातली पुडी

५ मे २००३. मुलाची दुबईची बॅग भरायला शेजारणीला बोलावलं. आमच्या गोखिवऱ्यातून आखातात जाणाऱ्यांच्या बॅगा तीच भरते. शर्टांच्या घट्ट सुरळ्या करते, बुटांत मोजे कोंबते, गुडघा टेकवून चेन ओढते. काय कुठे ठेवलं, ते सांगत नाही.

निघताना म्हणाली, "वैनी, पोराला खसखस पन टाकलीय."

मी म्हटलं, तिकडे खसखस अमली पदार्थात धरतात. थेट तुरुंग.

"इतक्या बॅगा गेल्या, कोनाला पकडलं नाय," ती हसली.

रात्रभर माझा डोळा लागला नाही.

सकाळी बॅग पलंगावर पालथी केली. पुडी बुटात सापडली, ती मोरीत ओतली. कपडे मात्र पुन्हा मावेनात. तिलाच बोलावलं आणि चेन लागेपर्यंत तिच्या हातांवरून नजर हलवली नाही.