काडीपैलवानाची चरबी

आमच्या बिल्डिंगमध्ये अशी कुजबुज आहे की मावशी लोकांची चरबी डब्यात घालून घरी आणते. खालच्या काकू तर डोळे मोठे करून सांगतात, "अगं, तिचा फ्रिज उघडलायस कधी? उघडू नकोस हो बाई!" मी उघडलाय. दोन लिंबं आणि अर्धा कांदा.

खरं असं, की मावशी प्रयोगशाळेत चरबीचे काप करते. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, ठोकळा बर्फावर गार करायचा आणि केसाहून पातळ काप काचपट्टीवर घ्यायचा. पण चरबी नखरेल. मेणाआधी तुकडा औषधात भिजवावा लागतो, ते तिच्यात लवकर मुरत नाही. बाकीचे एका दिवसात उरकतात, मावशी तीन दिवस मुरवते.

मग रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. फुगून मेलेल्या चरबीपेशीभोवती रोगाशी लढणाऱ्या पेशी कडं करून बसलेल्या असतात. येतात साफसफाईला आणि भांडण उकरून काढतात. त्या कालव्यात शरीराला इन्सुलिनची हाक ऐकूच येत नाही, साखर रक्तातच फिरत राहते.

मागच्या महिन्यात एका सडपातळ माणसाच्या पट्टीवर कडीच कडी निघाली. प्रयोगशाळेचे डॉक्टर सगळ्यांदेखत नाकातून म्हणाले, "अहो, म्हणजे, अहो, हा तर काडीपैलवान! पट्ट्या बदलल्या तुमच्या हातून."

वीस वर्षांत मावशीची एक पट्टी चुकली नव्हती. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. आणि मी शहाणी म्हणते कशी, "मावशे, झाली असेल गं अदलाबदल. पैज लावते."

"लाव. हरलीस तर महिनाभर भांडी तुझी."

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना शेजारी बसवलं. ऑपरेशनच्या खोलीत तुकड्याला पडलेलाच नंबर असलेला मूळ ठोकळा त्यांच्याच हातात दिला. "वाचा नंबर. मोठ्याने." मग त्यांच्यासमोर नवा काप घेतला, रंग चढवला. तीच कडी! त्या माणसाचं रक्त तपासलं, तर इन्सुलिन नेहमीच्या दुपटीच्या वर; हाक ऐकू जात नाही म्हणून शरीर ओरडत होतं. चरबी होती पोटाच्या आत, आतड्यांभोवती. शर्टाला पत्ता नव्हता.

"अहो, म्हणजे..." एवढंच निघालं डॉक्टरांच्या नाकातून. मग त्यांनी सगळ्यांना हाक मारली, "या, बाईंचा काप बघून जा."

आज भांड्यांचा नववा दिवस. मावशी ओट्याशी येते, ताटलीवरून बोट फिरवते, "इथे राहिलंय." आणि राहिलेलंच असतं.