हिरव्या बांगड्या आणि बदलीचा दाखला

लिहायला बसलो की चार ओळींनंतर उठतो. खिडकी लावतो, पुन्हा उघडतो. पत्नी गेल्यापासून सकाळचं काय करायचं हेच कळेनासं झालं आहे, कारण आमच्या घरातली सकाळ तिच्या हातांसाठी असायची. स्टोव्हवर पाणी, पाण्यात निरगुडीचा पाला, आणि घमेल्यात तिचे दोन्ही हात. संधिवातानं रात्रभरात बोटं अशी आखडायची की ती सुटी व्हायला दहा वाजायचे. तोवर तिची वेणी मी घालत असे. ती म्हणायची, "वाचनालयात कुणाला सांगू नका हं. पुस्तकं बदलायला येणार नाहीत, वेण्या घालून घ्यायला येतील."

मी लोणावळ्यात वाचनालय सांभाळत होतो आणि ती बेडशाच्या शाळेत शिक्षिका होती. ही साठ सालानंतरची गोष्ट. गाडीनं कामशेत, पुढे एस.टी., आणि फाट्यापासून गावापर्यंत पायी. वर डोंगरात लेणी पाहायला येणारे लोक एकदा चढून दमायचे आणि परत जायचे. तिला फाट्यापासूनची वाट रोजची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गावातल्या बायका तिला दोन्हीकडून धरून पलीकडे न्यायच्या. एक म्हातारी दरवेळी म्हणायची, "बाई, तुमी आमच्या पोरांस्नी शिकवायला येता का आमाला उचलाया लावता?" सगळ्या हसायच्या, तीही हसायची. घरी आली की गुडघे उशीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून पडायची.

मग आमच्या घराजवळच्या शाळेत एक जागा रिकामी झाली. तिथं बदली मिळाली तर तिची नोकरी टिकणार होती. नाही मिळाली तर पुढचा पावसाळा ती काढू शकणार नव्हती, हे आम्हा दोघांना माहीत होतं आणि दोघंही बोलत नव्हतो. तिला शिकवणं सोडायचं नव्हतं.

कचेरीतले कारकून सज्जन होते. आधी पाणी दिलं, मग नियम सांगितला. "काम होतंय ना बाई? मग प्रकृतीसाठी बदली कशी मागता? आणि होत नसेल, तर तसा दाखला आणा. पण मग नोकरीत कसं ठेवायचं?" ती म्हणाली, "काम होतं. चालणं होत नाही." ते थोडा वेळ कागद उलटसुलट करत राहिले. "क्षय असता तर सोपं होतं," ते अगदी कळवळून म्हणाले. "त्याला नियम आहेत. सांध्यांचं काही लिहिलेलंच नाही. सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं तर मी वर पाठवीन."

बाहेर रस्त्यावर ती मला म्हणाली, "आता क्षय कुठून आणू हो?"

पुण्याच्या सरकारी इस्पितळात जायच्या आदल्या संध्याकाळी तिनं बांगडीवाल्या मावशींना बोलावलं. त्या आमच्याच आळीत राहायच्या, बाजारात त्यांच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान होतं. जुन्या बांगड्या धुण्याच्या दगडावर आपटून आधीच पिचल्या होत्या. दोनच उरल्या होत्या. डॉक्टरसाहेबांसमोर अशा हातांनी जायचं नाही, हे तिच्या मनात पक्कं होतं. मी म्हटलं, "अगं, आपण दुखणं दाखवायला चाललोय." ती म्हणाली, "म्हणून काय भुंड्या हातांनी जाऊ?"

मावशींनी साबणाचा फेस केला आणि तिचा हात मांडीवर घेतला. "लय सुजलाय गं बाई हात. वरडलीस तरी मी थांबनार न्हाई." प्रत्येक बांगडीला त्या अंगठा आत दाबायच्या, बोटांची मुळं एकावर एक चढवायच्या. ती ओरडली नाही. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलो होतो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो.

डॉक्टरांपुढे आमचा नंबर दुपारी लागला. तोवर बोटं सुटी झाली होती. त्यांनी तिला मूठ करायला सांगितली. बऱ्यापैकी झाली. मग त्यांची नजर मनगटावर गेली. "नव्या दिसतात. ज्या हातातून एवढी लहान बांगडी जाते तो हात आखडलेला कसा म्हणायचा?" त्यांनी 'कामास योग्य' असं लिहून दिलं.

परतीच्या गाडीत मी न राहवून म्हणालो, "पुन्हा अर्ज करू. पण त्याआधी या फोडून टाक." तिनं हात पदराखाली घेतले. "तुम्ही जिवंत असताना? तुमच्या त्या दाखल्यासाठी?" लोणावळ्यापर्यंत तिनं ते पदराबाहेर काढले नाहीत.

मी मावशींना गाठलं. निदान काढून तरी द्या म्हटलं. त्या आल्या, त्यांनी साबण लावला, तेल लावलं, ओढून पाहिलं. हात त्या दिवशीपेक्षाही सुजले होते. "घातल्या तवाच जोर लावून घातल्या. आता फोडल्याबिगर निघायच्या न्हाईत. आन् मी फोडनार न्हाई, भाऊ. तुमी हितं धडधाकट उभं हाय माझ्यासमोर." पत्नी विजयी नजरेनं माझ्याकडे पाहत राहिली. मग एकाएकी बांगड्यांकडे बघू लागली.

दुसऱ्या वेळी इस्पितळात डॉक्टर तेच होते. त्यांनी कागद पाहिला आणि बांगड्यांकडे पाहून काही बोलणार, तेवढ्यात तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तुम्हीच काढून बघा," ती म्हणाली.

डॉक्टरांना आधी राग आला, मग त्यांनी खरंच एक बांगडी धरली. ती सांध्यांपाशी अडली. नर्सनं साबण आणला. त्यांनी पुन्हा ओढली, पत्नीचे ओठ पांढरे पडले. नर्स म्हणाली, "डॉक्टर, फुटेल. राहू द्या."

त्यांनी हात सोडला. "मग घातल्या कशा?"

"दात आवळून," ती म्हणाली. "तुमच्याकडे यायचं होतं ना."

ते बराच वेळ लिहीत होते. गुडघेही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट तपासले. 'शिकवण्यास योग्य, लांब चालण्यास अयोग्य' असा तो दाखला होता. कारकुनांनी तो दोनदा वाचला आणि वर पाठवला. जून उजाडायच्या आत बदली झाली, पण एका वर्षापुरती. दरवर्षी पुन्हा तपासून घ्यायचं अशी अट होती. ती म्हणाली, "एखाद्या वर्षी बरी होईन अशी त्यांना आशा आहे. मी कशाला मोडू?"

मग दरवर्षी पुण्याला जायच्या आधी मावशी यायच्या, पिचलेल्यांच्या जागी नव्या भरायच्या. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो. ती शिकवत राहिली, या हिवाळ्यात अंथरुणाला खिळेपर्यंत.

ती गेली त्या दिवशी बायकांनी हिरवा चुडा भरायला मावशींना बोलावलं. त्या तिचा हात मांडीवर घेऊन बसल्या. साबण मागितला नाही. "हायेत त्या राहू द्या," म्हणाल्या. "माझ्याच हातच्या हायेत."

मागच्या कुंपणाला निरगुडी माजली आहे. काल ती छाटायला म्हणून गेलो आणि ओंजळभर पाला घेऊन आत आलो. स्टोव्ह पेटवला. पाणी उकळलं. दहा वाजेपर्यंत मी तिथंच उभा होतो.